पाइनहर्स्ट क्रमांक दोन: एका जुन्या गोल्फ मैदानाचा जीर्णोद्धार नेमका कसा झाला

शंभरीकडे झुकलेल्या एका गोल्फ क्लबच्या कार्यकारिणीतील सदस्यांनी विचारले आहे की, आमच्या मैदानाला त्याचे मूळ रूप परत द्यावे असा ठराव येऊ घातला आहे आणि प्रत्येक बैठकीत अमेरिकेतील पाइनहर्स्टच्या दोन क्रमांकाच्या मैदानाचा दाखला दिला जातो. तिथे नेमके काय केले गेले, आणि फेअरवेच्या, म्हणजे खेळण्यासाठी कापून राखलेल्या मुख्य पट्ट्याच्या, कडेचे गवत काढून जमीन उघडी केली की जीर्णोद्धार झाला, असे समजायचे का?

तसे समजू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. गवत आणि पाणी या दोन गोष्टींवर काम करण्यातच माझी सारी कारकीर्द गेली आहे, आणि पाइनहर्स्टचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. पण त्याची जी बाजू छायाचित्रांत दिसते तीच लोक उचलतात आणि जी निर्णयांत होती ती मागे राहते. तिथे गवत निघाले ते सर्वांत शेवटी. त्याआधी मैदानाला कोणत्या काळातील रूप द्यायचे हे ठरले, त्या काळाचा पुरावा गोळा झाला, आणि कशाला हात लावायचा नाही हेही ठरले. हा क्रम समजण्यासाठी मैदानाचा इतिहास थोडा विस्ताराने पाहावा लागेल.

पाइनहर्स्ट हे गाव नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या सँडहिल्स नावाच्या वालुकामय पट्ट्यात आहे. या पट्ट्यावर एके काळी लांब सुयांच्या पाइन वृक्षांचे विरळ, उजेडाने भरलेले रान होते. हेच रान व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर पसरले होते असे मानतात. डांबर, टर्पेंटाइन आणि इमारती लाकूड यांसाठी ते जवळजवळ संपूर्ण तोडले गेले. बॉस्टनचे उद्योगपती जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी १८९५ मध्ये इथली पाच हजार एकरांहून अधिक जमीन घेतली तेव्हा ती तोड झालेली, ओसाड आणि म्हणूनच अत्यंत स्वस्त होती. सोडा फाउंटनच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या या गृहस्थांना उत्तरेतील आजारी माणसांसाठी हिवाळी आरोग्यधाम वसवायचे होते. गावाची आखणी त्यांनी उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड यांच्या संस्थेकडे सोपवली; आजही पाइनहर्स्टचे वळणदार रस्ते त्याच आराखड्याप्रमाणे आहेत. क्षयरोग संसर्गजन्य असल्याचे लोकांच्या ध्यानात येऊ लागले तशी आरोग्यधामाची कल्पना मागे पडली आणि गाव विश्रांतीचे, खेळाचे ठिकाण झाले. १८९८ च्या सुमारास तिथे पहिले नऊ होल झाले.

१९०० च्या अखेरीस तिथे मैदानकार डॉनल्ड रॉस आले. रॉस स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील डॉर्नॉक गावचे. सुतारकाम शिकलेले, सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले, नंतर डॉर्नॉकच्या मैदानाची निगा राखणारे. १८९९ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढील काही दशकांत त्यांच्या नावावर सुमारे ४०० मैदाने जमा झाली. यांतील पुष्कळ मैदानांवर त्यांचा मुक्काम थोडाच झाला. पाइनहर्स्टची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे ते हिवाळ्यामागून हिवाळे राहिले, दोन क्रमांकाच्या मैदानाच्या तिसऱ्या होलला लागून त्यांनी घर बांधले, त्याला डॉर्नॉकचेच नाव दिले, आणि १९४८ मध्ये त्यांचा मृत्यूही पाइनहर्स्टलाच झाला. एखादा मैदानकार आपल्या एकाच कृतीजवळ इतकी वर्षे राहतो, रोज खिडकीतून ती पाहतो आणि तिच्यात सतत बदल करत राहतो, असे क्वचितच घडते.

जीर्णोद्धाराची खरी अडचण इथेच सुरू होते. दोन क्रमांकाचे मैदान अठरा होलांचे झाले ते १९०७ मध्ये. पण १९०७ सालचे मैदान आज कोणी उभे केले तर रॉसनाच ते अपुरे वाटले असते. त्या वेळी ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा जो भाग चेंडू घरंगळवण्यासाठी राखतात तो, गवताचे नव्हतेच. वाळू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाचे सपाट, चौकोनी पृष्ठभाग दाबून तयार केलेले असत आणि त्यावर चेंडू घरंगळत असे. आपल्याकडच्या छावण्यांतील जुन्या मैदानांवर वाळूत तेल मिसळून केलेले ‘ब्राउन’ असत, त्याच जातीची ही सोय होती. कारणही तेच होते: उष्ण हवेत आणि मर्यादित पाण्यात बारीक कापलेले गवत टिकवण्याचे तंत्र अजून हाती आले नव्हते. रॉस आणि त्यांचे सहकारी फ्रँक मेपल्स यांनी प्रयोग करत करत १९३५ मध्ये मैदानाचे सर्व ग्रीन गवताचे केले. त्याच सुमारास आजचे चौथे आणि पाचवे होल मैदानात आले आणि होलांचा क्रम आज आहे तसा स्थिरावला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, तिथे पीजीए चॅम्पियनशिप खेळली गेली. डेनी शूट जिंकले. १९४० मध्ये बेन होगन यांनी एकट्याच्या बळावर जिंकलेली पहिली व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॉर्थ अँड साउथ ओपन, तीही याच मैदानावर. १९५१ चा रायडर कपही तिथेच झाला.

म्हणून ‘मूळ रूप’ म्हणजे उद्घाटनाच्या दिवसाचे रूप, ही समजूत इथे लागू पडत नाही. ज्याने मैदान घडवले त्याने ते जिथे आणून थांबवले ते रूप, म्हणजे १९३५ ते १९४८ या काळातील मैदान, हेच प्रमाण मानणे योग्य होते आणि तसेच मानले गेले. आपल्या क्लबच्या बैठकीत हा प्रश्न अजून उपस्थित झाला नसेल तर तो पहिल्यांदा उपस्थित करावा. कोणते साल? त्याचे उत्तर ठरल्याशिवाय पुढचा कोणताही वाद मिटत नाही, कारण प्रत्येक सभासद आपापल्या तरुणपणचे मैदान मूळ मानत असतो.

आता मैदान बिघडले कसे, ते पाहू. १९७० च्या अखेरीस टफ्ट्स घराण्याने पाइनहर्स्ट एका जमीनविकासक कंपनीला विकले. नव्या मालकांना घरे आणि भूखंड विकायचे होते, आणि त्या काळच्या ग्राहकाला गर्द हिरवे मैदान हवे होते. फेअरवेच्या बाहेर जिथे उघडी वाळू, पाइनच्या सुया आणि वायरग्रास नावाच्या स्थानिक गवताचे झुबके होते, तिथे बर्मुडा गवत, म्हणजे आपली हरळीच, लावली गेली. ती जगवायला जास्त स्प्रिंकलर आले, जास्त पाणी आले, जास्त खत आले. १९८४ मध्ये मालकी पुन्हा बदलली, नव्या मालकांनी मैदानाची निगा मनापासून राखली, पण निगा राखण्याची त्या काळची व्याख्याच हिरवेपणाची होती. मोठ्या स्पर्धांसाठी फेअरवे अरुंद होत गेले आणि दोन्ही बाजूंना दाट, उंच हरळीचा रफ आला. १९९९ ची यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा, पेन स्ट्युअर्ट यांनी आणि २००५ ची मायकेल कॅम्बेल यांनी जिंकली ती अशा मैदानावर. या काळातील कोणालाही मी दोष देणार नाही. प्रत्येक निर्णय घेणाऱ्याला आपण मैदान सुधारतो आहोत असेच वाटत होते. चाळीस वर्षांच्या सुधारणांची बेरीज झाली तेव्हा रॉसचे मैदान गवताखाली गेले होते.

हे केवळ दिसण्याचे नुकसान नव्हते. दोन क्रमांकाचे ग्रीन मध्यभागी फुगीर आणि कडांना उतरते आहेत. चेंडू चुकीच्या कोनातून आला की तो वर थांबत नाही, घरंगळत खाली खळग्यात जातो. अशा ग्रीनसमोर खरा प्रश्न असतो तो फेअरवेच्या कोणत्या बाजूने चेंडू मारायचा हा. झेंडा उजवीकडे असेल तर डावीकडून कोन चांगला मिळतो, पण डावीकडे बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, लागून आहे. सुरक्षित राहायचे तर उजवीकडे जा आणि मग अवघड कोन पत्करा. रॉसच्या रुंद फेअरवेने खेळाडूला ही निवड दिली होती. फेअरवे अरुंद केल्यावर निवड संपली, सगळ्यांना एकाच पट्ट्यातून खेळावे लागले. शिवाय दाट रफमुळे आणखी एक विपरीत गोष्ट झाली. पूर्वी भरकटलेला चेंडू कडक जमिनीवरून धावत वाळूत, सुयांत, झुबक्यांत जाई आणि तिथे नशिबाने कसा पडेल ते सांगता येत नसे. आता तो फेअरवेपासून चार पावलांवर गवतातच अडकू लागला. तिथून चेंडू बाहेर काढण्याची एकच रीत असते, त्यात कल्पनेला वाव नसतो.

पाइनहर्स्टचे तेव्हाचे प्रमुख डॉन पॅजेट आणि मालक रॉबर्ट डेडमन यांनी मैदान बदलण्याचा निर्णय घेतला तेव्हा २०१४ ची यूएस ओपन त्यांना मिळालेली होती. पुरुषांची आणि महिलांची स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत त्याच मैदानावर व्हायची होती. स्पर्धा हातात असताना मैदानाची ओळखच बदलण्याचा धोका पत्करणे ही मोठी गोष्ट होती, हे व्यवस्थापन सांभाळलेल्या कोणालाही कळेल. काम बिल कूर आणि बेन क्रेन्शॉ या मैदानकारांना दिले गेले. क्रेन्शॉ दोनदा मास्टर्स जिंकलेले आणि मैदानांच्या इतिहासाचे गाढे अभ्यासक; कूर नॉर्थ कॅरोलायनाचेच, कॉलेजच्या वयात या मैदानावर खेळलेले. कूर यांच्या आठवणीतले मैदान हरळीच्या आधीचे होते. तरीही त्यांनी आठवणीवर काम केले नाही, आणि मला त्यांचे हेच सर्वांत जास्त कौतुक वाटते. आठवण दिशा दाखवते, पण अंतर मोजून देत नाही.

पुरावा तीन प्रकारचा होता. गावातील टफ्ट्स संग्रहालयात जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे जपलेली होती. दुसरा पुरावा विलक्षण होता: दुसऱ्या महायुद्धात या परिसरात लष्कराचे मोठे तळ होते, आणि २५ डिसेंबर १९४३ रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, विमानातून सरळ खाली रोखून घेतलेली छायाचित्रे सरकारी अभिलेखागारात एका अभ्यासकाला सापडली. सरळ वरून घेतलेल्या छायाचित्राचे महत्त्व असे की, आजही जागेवर असलेल्या रस्त्यांच्या तिठ्यांवरून, इमारतींच्या कोपऱ्यांवरून ते आजच्या नकाशावर अचूक बसवता येते. डिसेंबरातला सूर्य कललेला असल्याने अशा छायाचित्रांत सावल्या लांब पडतात आणि बंकरची कड कुठे होती, खोली कुठे होती हे त्यांवरून वाचता येते. बंकरांचे आकार, फेअरवेच्या वेड्यावाकड्या कडा, वाळूचे पट्टे हे सारे त्यांत दिसत होते.

तिसरा पुरावा जमिनीखाली होता. रॉसच्या काळात फेअरवेला पाणी देणारी एकच नळवाहिनी होती, ती फेअरवेच्या मधोमध टाकलेली होती. पुढे नवी यंत्रणा आली तेव्हा जुने नळ काढलेच नाहीत, ते जागेवर पडून राहिले. कूर आणि क्रेन्शॉ यांच्या माणसांनी त्यांचा माग काढला. जिथे नळ सापडला तिथे फेअरवेचा मूळ मध्य सापडला. हरळीच्या काळात काही ठिकाणी फेअरवे मधल्या रेषेपासून सरकला होता, ते यावरून कळून आले. आणि मध्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे त्या नळावरून रुंदीही कळत होती. स्प्रिंकलरचा फवारा दोन्ही बाजूंना जिथवर पोचे तिथवरच गवत जगे. त्यापलीकडे पाणी नव्हते म्हणून गवत नव्हते. म्हणजे जुन्या मैदानावर फेअरवेची कड कोणी चुना टाकून आखलेली नव्हती. मध्यावर हिरवळ दाट, मग फिकट, मग विरळ, मग वाळूत तुरळक काड्या, असे ते गवत हळूहळू संपत जाई. मी पाण्याच्या यंत्रणेवर इतका भर का देतो, ते यावरून लक्षात यावे. मैदानाचा आकार नकाशावर आखला जातो, पण पुढची पन्नास वर्षे तो टिकतो की बदलतो हे स्प्रिंकलरच्या जागा ठरवतात.

प्रत्यक्ष काम २०१० मध्ये सुरू झाले आणि २०११ च्या मार्चमध्ये मैदान नव्याने खुले झाले. सुमारे ३५ ते ४० एकरांवरील हरळी कापून उचलली गेली. स्प्रिंकलर सुमारे ११५० होते ते ४५० वर आले आणि फेअरवेला पाणी पुन्हा मधल्या एका रेषेतून मिळू लागले. रफ ही गोष्टच राहिली नाही. गवत कापण्याच्या उंची दोनच उरल्या, ग्रीनची एक आणि बाकी सगळ्याची दुसरी. बंकर छायाचित्रांशी ताडून काही पूर्ववत केले, काही नव्याने उघडले, आणि त्यांच्या कडा कातरलेल्या राहू न देता खडबडीत, गवताळ होऊ दिल्या.

उघड्या वाळूत वायरग्रासची दोन लाखांहून अधिक रोपे लावली गेली. या गवताविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्याशिवाय वाळूचा पट्टा हा नुसता ओसाड पट्टा झाला असता. वायरग्रासची पाने तारेसारखी बारीक आणि ताठ असतात, झुबका गुडघ्याच्या खाली राहतो, आणि झुबक्या-झुबक्यांत मोकळी जागा असते. चेंडू त्या मोकळ्या जागेत पडला तर उत्तम फटका मारता येतो, झुबक्याच्या बुडाशी पडला तर एक फटका खर्ची घालून बाहेर यावे लागते. पाइनच्या रानात हे गवत वणव्यावर अवलंबून असते; उन्हाळ्याच्या सुमारास आग फिरून गेली की त्याला भरपूर फुलोरा येतो आणि बी धरते, एरवी ते नीट बी धरत नाही. माणसांनी बंदोबस्त करून वणवे थांबवल्यापासून ते सर्वत्रच मागे हटले आहे. घरे आणि रस्ते यांच्या मध्ये असलेल्या मैदानावर ते आपोआप परत येईल अशी आशा करता येत नव्हती, म्हणून एकेक रोप हाताने लावावे लागले.

आता कशाला हात लावला नाही ते सांगतो. दोन क्रमांकाचे फुगीर ग्रीन जगप्रसिद्ध आहेत आणि ते रॉसचे म्हणून ओळखले जातात. पण ते आज जितके फुगीर आहेत तितके रॉसच्या काळात असण्याची शक्यता कमी आहे. ग्रीनवर दरवर्षी अनेकदा वाळूचा पातळ थर पसरतात, त्यामुळे पृष्ठभाग सपाट राहतो आणि मुळांना हवा मिळते. एका वेळचा थर नगण्य असतो. पण तो वर्षानुवर्षे साचत जातो, आणि मधोमध जास्त, कडेला कमी साचतो. बंकरमधून फटका मारताना उडालेली वाळू बंकरच्या बाजूची कड आणखी उंच करते. शिवाय ग्रीनची पुनर्बांधणीही मध्यंतरी झालेली होती. मग १९३५ ची उंची गाठण्यासाठी ते खाली उतरवावेत का? कूर आणि क्रेन्शॉ यांनी पंधराव्या आणि सतराव्या ग्रीनवरील किरकोळ बदल सोडले तर ग्रीन तसेच ठेवले. १९३५ च्या ग्रीनचे चढउतार मोजून ठेवलेला भरवशाचा पुरावा नव्हता, आणि मधल्या काळातील मोठ्या स्पर्धांनी या ग्रीनना स्वतःचा इतिहास दिला होता. पुरावा जिथे संपतो तिथे हात आखडता घ्यावा, हा त्यांचा निर्णय मला पूर्णपणे पटतो. टी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागा, मात्र मागे नेल्या गेल्या. २०१४ च्या स्पर्धेत मैदान ७५६२ यार्ड लांब होते, रॉसच्या काळाहून कितीतरी जास्त. आजचे चेंडू आणि क्लब पाहता त्याला पर्याय नव्हता, आणि बंकर जिथे होते तिथे राहून त्यांचा अर्थही त्यामुळेच शाबूत राहिला.

याच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर असलेले आणि महायुद्धात नाहीसे झालेले लिडो मैदान. जुन्या छायाचित्रांवरून त्याचे संगणकीय प्रतिरूप करून मैदानकार टॉम डोक यांनी ते विस्कॉन्सिनमध्ये, दुसऱ्याच भूमीवर उभे केले आणि २०२३ मध्ये ते खेळासाठी खुले झाले. ते थक्क करणारे काम आहे. पण तिथे जुन्याचे काहीच शिल्लक नव्हते, म्हणून सारे नव्याने घडवण्याची मोकळीक होती. ज्यांचे मैदान जिवंत आहे त्यांना ती मोकळीक नसते.

२०१४ मध्ये पुरुषांची स्पर्धा जर्मनीच्या मार्टिन कायमर यांनी आठ फटक्यांच्या फरकाने आणि पुढच्या आठवड्यात महिलांची मिशेल वी यांनी जिंकली. उघड्या वाळूच्या पट्ट्यांना बंकरचा नियम लावला नाही. खेळाडूला तिथे क्लब जमिनीला टेकवता येत होता, आणि कोणता भाग बंकर हे प्रत्येक गटाबरोबरच्या पंचाला विचारता येत होते. दूरदर्शनवर मैदान तपकिरी दिसले आणि पुष्कळांनी नाके मुरडली. स्पर्धेनंतर लगेच ग्रीनवरील बेंटग्रास नावाचे गवत काढून उष्णता सोसणारी बुटकी बर्मुडा लावली गेली. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये ब्रायसन डीशॅम्बो शेवटच्या होलवर वाळूच्या पट्ट्यात, झाडाच्या मुळाशी सापडले, तिथून होलपासून सुमारे ५५ यार्डांवर असलेल्या बंकरमध्ये गेले आणि त्या बंकरमधून चेंडू होलजवळ आणून एका फटक्याच्या फरकाने जिंकले. हरळीच्या रफमध्ये तो शेवट घडला नसता. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने यूएस ओपनसाठी ठरावीक अंतराने परत येण्याचे पहिले ठिकाण म्हणून पाइनहर्स्टचीच निवड केली आहे आणि २०२९, २०३५, २०४१, २०४७ या सालांच्या स्पर्धा तिथे ठरल्या आहेत.

पाण्याचे आकडे आपल्या कार्यकारिणीला नक्की सांगावेत. जीर्णोद्धारापूर्वी वर्षाला सुमारे ५.५ कोटी गॅलन, म्हणजे जवळपास २१ कोटी लिटर पाणी लागत होते. नंतर ते सुमारे १.५ कोटी गॅलनवर, म्हणजे पावणेसहा कोटी लिटरच्या आसपास आले. मात्र त्याबरोबर हेही सांगावे की, माणसांचे काम नाहीसे झाले नाही, त्याचे स्वरूप बदलले. वाळूत तण येते, ते हाताने उपटावे लागते. कोणते रोप ठेवायचे आणि कोणते काढायचे हे ओळखणारे डोळे लागतात. यंत्रावर बसून गवत कापणाऱ्या माणसाला हे शिकवायला वेळ द्यावा लागतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत खर्च कमी होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता आपल्या मैदानाविषयी. सँडहिल्समध्ये कितीही पाऊस पडला तरी वाळू ते पिऊन टाकते, म्हणून तिथे उघडी जमीन ठेवता येते. दख्खनवर काळी माती किंवा मुरूम असतो, आणि जूनमध्ये पडणारा पहिला जोराचा पाऊस उतारावरची उघडी माती घेऊन जातो. तिथे कडेचे गवत काढून जमीन मोकळी ठेवली तर एका पावसाळ्यात घळी पडतील आणि बंकर गाळाने भरतील. म्हणून पाइनहर्स्टची वाळू आणू नका, पाइनहर्स्टची रीत आणा. फेअरवेच्या बाहेर पाणी न घालता जगणारे मारवेल किंवा कुसळी यांसारखे माळावरचे गवत आपल्या मातीचे आहे आणि ते माती धरून ठेवते. कुसळी मोज्यांत रुतते, म्हणून खेळाच्या ऐन पट्ट्याजवळ मारवेल बरे. कुसळी लांबच्या भागात शोभते. हरळीबाबत मात्र सावध राहावे. आपल्याकडे शेतकऱ्याला हे सांगण्याची गरज नाही की, हरळीचा एक कांडा जमिनीत राहिला तर ती परत येते. वरचे गवत उचलून खालच्या मुळ्या तशाच ठेवल्या आणि शेजारचा स्प्रिंकलर चालू राहिला तर दोन वर्षांत सारे पूर्ववत होईल.

पुराव्यासाठी क्लबच्या जुन्या इतिवृत्तांपासून सुरुवात करावी. कोणत्या सभेत कोणते झाड लावायचे, कोणता बंकर बुजवायचा असे ठरले, याच्या नोंदी तिथे अनपेक्षितपणे सापडतात. मैदान छावणीच्या हद्दीत असेल तर कॅन्टोन्मेंटचे जुने नकाशे मिळवावेत. सभासदांच्या घरच्या आल्बममधील बक्षीस समारंभांची छायाचित्रे मागवावीत, कारण माणसांच्या मागे ग्रीन आणि बंकर उभे असतात. जुन्या ग्रीनची कड शोधण्यासाठी मातीचा नमुना काढण्याची पोकळ नळी आजच्या कडेच्या बाहेर दर एका मीटरवर रोवून पाहावी. वर वाळूचे पट्टे पट्टे दिसले तर तिथवर एके काळी ग्रीन होते. नुसती स्थानिक माती लागली की कड संपली. जुन्या मैदानांवरचे ग्रीन कापणीच्या सोयीसाठी गोल आणि लहान होत गेलेले असतात, आणि कोपऱ्यांवरच्या झेंड्याच्या उत्तम जागा गवतात हरवलेल्या असतात. त्या परत मिळवायला फारसा खर्च येत नाही, कापणीची यंत्रे हळूहळू बाहेर न्यावी लागतात इतकेच. पण ते घाईने करू नये. कापणीची उंची काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी, नाहीतर गवत जळते.

ठराव मंजूर करण्याआधी माझी एक सूचना आहे. एकच होल निवडा, पाऊस संपल्यावर नोव्हेंबरमध्ये त्याच्या बाहेरच्या ओळींतील स्प्रिंकलर बंद करा आणि मे महिन्यापर्यंत दर पंधरवड्याला एकाच जागेवरून छायाचित्र घ्या. गवत कुठवर टिकते, कुठे मागे सरते, सावलीत काय होते, उतारावर काय होते, हे त्या छायाचित्रांत दिसेल, आणि मैदानकाराला बोलवाल तेव्हा जुन्या नकाशांबरोबर तीही त्याच्यासमोर ठेवा.